वाटीभर विरजण
सणसवाडीत आमच्या भाड्याच्या खोल्यांसमोर पिठाची गिरणी आहे. ती चालवणाऱ्या मावशी गिरणी बंद असतानाही ओरडूनच बोलतात. कुणी ओलं दळण आणलं, तर सगळ्या चाळीला कळतं.

कडेच्या खोलीतला कंपनीतला एक कामगार आपल्या लहान पोरीला मारायचा, आणि मारायचा तो गिरणी सुरू असतानाच. हे ओळखलं मावशींनी. तेव्हापासून दळण अर्धवट असलं तरी त्या मधेच बटण बंद करायच्या. मग रांगेतल्या आम्हा सगळ्यांना तिचं रडणं ऐकू यायचं.

"आज कुनाची पाळी?" मावशी ओरडायच्या. ज्याची पाळी असेल तो वाटी घेऊन त्या दारात विरजण मागायला जायचा. त्याला दार उघडावं लागायचं, तेवढा हात थांबायचा. इथल्या बायका गेल्या, बिहारची पोरं गेली, मीही गेलो. शेवटी मावशींनी हेल्पलाइनला फोन लावला.

ती माणसं आली तेव्हा खोलीला कुलूप होतं. पोरीला घेऊन तो पहाटेच निघून गेला होता. कुठं, ते त्याच्या ठेकेदारालाही माहीत नव्हतं.

मावशी अजूनही मधेच गिरणी बंद करतात. काल मी म्हणालो, "मावशी, आता कुठं काय ऐकू येतंय?"

"आपल्याच वाट्यांनी पळवला त्याला," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच इतक्या हळू, की मला पुढं वाकावं लागलं. "तिथं आता वाटी घिऊन कोन जात आसंल?"