शॅडो लागेल

"मॅडम, सावली काढली. भगतानं नारळ उतरवला. आता तिला त्रास होणार नाही," मी म्हणाले, आणि काउन्सिलर मॅडमच्या तोंडातला चहा टेबलावर उडाला.

आधी त्यांना ठसका लागला. मग हसू आलं. हसता हसता डोळे पुसले. मग उठून दार उघडलं आणि बाहेर हाक मारली, "अहो, इकडे या ना जरा. ऐका ही काय म्हणतेय." दोघीजणी आल्या. एक क्लास टीचर, एक ऑफिसातली. मॅडमनी त्यांना सगळं इंग्लिशमध्ये सांगितलं. मला त्यातलं 'भगत' कळलं आणि 'शॅडो' कळलं. तिघी हसल्या. बाहेर बाकावर एक बाप आपल्या पाळीची वाट बघत बसला होता, तोही मान वळवून हसला.

माझी मुलगी आर्या माझ्या शेजारी उभी होती. तिसरीतली. तिनं एकेकाकडे बघितलं आणि तीही हसायला लागली. सगळे हसतायत म्हणजे काहीतरी गंमत झाली, असं तिला वाटलं असणार. पुढचा दात पडलेला, तोंड भरून हसत होती. तिला काय माहीत की गंमत तीच आहे.

मी तिचा हात घट्ट धरला. बाकी काही केलं नाही. खोटं कशाला सांगू.

आम्ही सुकापूरला भाड्याच्या खोलीत राहतो. नवरा कंटेनर यार्डात लोडिंगला, मी कोनच्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला. आर्याचा नंबर आरटीईच्या मोफत जागांच्या सोडतीत लागला आणि नवीन पनवेलच्या इंग्लिश शाळेत ती गेली, त्या दिवशी सासूबाईंनी चाळीत साखर वाटली होती. शाळेत पहिल्या दिवसापासून तिचं नाव मात्र 'आरटीईवाली'. गणवेश तोच, डबा तोच, पण हाक वेगळी. ते आम्ही गिळलं. गरिबाला गिळायची सवय असते, पोटभर.

पोरगी बोलण्यात कुणाला ऐकायची नाही. एकदा ऐकलेली गोष्ट महिन्यानंही जशीच्या तशी सांगेल. पण पुस्तक समोर धरलं की गप्प. अक्षरं तिच्यासमोर थांबतच नाहीत. इंग्लिशचं सोडा, मराठीतलं 'कमळ' ती 'मकळ' वाचायची. मी ओरडायचे, नवरा ओरडायचा, ती रडायची आणि पुन्हा 'मकळ' म्हणायची.

एक दिवस शाळेच्या गेटवर काउन्सिलर मॅडमनी मला थांबवलं. गाडीची चावी हातात होती त्यांच्या.

"आर्या मम्मी, हिला शॅडो लागेल. शॅडोशिवाय नाही जमणार हं. लवकर बघा काहीतरी."

मी म्हणाले, "हो मॅडम."

त्या गेल्या. मी का हो म्हणाले? कारण मॅडम बोलल्या की हो म्हणायचं असतं. कळो न कळो. इंग्लिश शाळेच्या गेटवर आमच्यासारख्या आयांच्या तोंडात दुसरा शब्दच नसतो.

घरी येऊन फोनला विचारलं, शॅडो म्हणजे काय. फोन म्हणाला, सावली, छाया. 'लागेल' तर मराठीच होतं. सावली लागेल. एवढी शिकलेली बाई सांगतेय म्हणजे तिनं पोरीत काहीतरी पाहिलं असणार.

सासूबाई भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी तव्यावरून मानही वर केली नाही.

"लागंल काय? लागलीच हाय. तरी मी कवापासून बोलतंय, पोर खाडीवरनं आली तवापासून पुस्तक धरीत नाय."

नवरा वैतागला. "आई, आपल्यात हे चालत नाय. घरात बुद्धाची मूर्ती हाय, आनि तू भगताकडं जानार?"

"तू मूर्तीला सांगू नको. पोरीचं भलं झालं का मी सोता माफी मागीन."

तर आम्ही गेलो. भगताचं घर गावाबाहेर, डोंगराच्या अंगाला. त्यानं नारळ उतरवला, लिंबू कापलं, काहीतरी पुटपुटला. आर्यानं विचारलं, "आता हे खोबरं खायचं का?" तो म्हणाला, "खा की." ती खोबरं खात घरी आली. नारळानं सावली जात नाही, हे मला कळतं, मी काही भगताचं दुकान चालवायला बसलेले नाही. पण त्या माणसानं मला 'बाय' म्हणून पाटावर बसवलं. पोरीला काय होतं ते सगळं विचारलं. तो जे बोलला त्यातला शब्दन् शब्द मला कळला. शाळेत तीन वर्षांत कोणी मला कळेल असं बोललं नव्हतं.

आणि मग ते चहा उडालेलं हसणं.

हसून झाल्यावर मॅडमनी समजावलं. शॅडो म्हणजे शॅडो टीचर. दिवसभर मुलाच्या शेजारी बसणारी बाई. ती आईबापांनी आणायची, तिचा पगार आईबापांनी द्यायचा. "तुम्हाला नाही झेपणार, मम्मी, मला कळतं. मग सरळ दाखला घ्या. ही स्लो लर्नर आहे. स्पेशल नीड्सवाल्या मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात. तिथे ती खूश राहील."

स्लो लर्नर. स्पेशल नीड्स. शब्द एकामागून एक येत होते आणि मी मान हलवत होते. एकही विचारला नाही. पुन्हा हसतील, ही भीती. भीती माणसाला किती मुकं करते ते मी त्या खुर्चीत बसून शिकले.

घरी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हसतील त्यांचे दात दिसतील. तू रडू नको." पण त्या स्वतः रडल्या. मोरीत जाऊन, पाणी सोडून.

ही गोष्ट शाळेच्या टेबलापुरती राहिली असती तर मी कदाचित गिळलीच असती. पण ती टेबलावरून वर्गात गेली. कशी गेली ते मला माहीत नाही. मोठ्यांच्या तोंडातलं पोरांच्या तोंडात जायला वेळ लागत नाही.

काही दिवसांनी मी आर्याला आणायला गेले. दुपारचं ऊन. शाळा सुटली, पोरं बाहेर आली. ही एकटी भिंतीला चिकटून चालत होती, सावलीच्या पट्ट्यातून, पाय जपून टाकत. पट्टा संपला तिथं थांबली. मी म्हटलं, "ये की." ती येईना. समोरून तिच्या वर्गातल्या दोन मुली पळाल्या, ओरडत, "रन, रन, आर्याची शॅडो!"

मी जवळ गेले. ती हळूच म्हणाली, "मम्मी, उन्हात गेले की माझी सावली पडते. ती कुणाला लागली तर?"

ही गोष्ट मला माहीत होती. माझी आजी सांगायची, तिच्या आज्याची. आमच्या माणसाची सावली अंगावर पडली की लोक अंघोळ करायचे. वाटेवरून जाताना आमच्या माणसानं उन्हाचा अंदाज घेऊन चालायचं, कुणावर पडू नये म्हणून. ते दिवस गेले असं समजून मी पोरीला ती गोष्ट सांगितलीच नव्हती. शाळेनं सांगितली. इंग्लिशमध्ये.

मला राग आला. मॅडमचा आलाच, पण त्याहून माझ्या त्या 'हो मॅडम'चा आला. मी भर रस्त्यात पोरीला ओढून उन्हात घेतलं, कडेवर उचललं, एवढी मोठी झालेली, आणि रिक्षा स्टँडपर्यंत तशीच नेली. लोक बघत होते. बघू देत.

मग मी सरकारी हॉस्पिटलच्या खेपा सुरू केल्या. मुंबईला. गोडाऊनला दांड्या पडल्या, सुपरवायझरची बोलणी खाल्ली. तिथं एक तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी आर्याला कोडी घातली, चित्रं दाखवली, गोष्टी सांगायला लावल्या. तपासणी पुरी झाल्यावर मला समोर बसवलं.

"ताई, हिची बुद्धी चांगली आहे. वाचनात अडचण आहे. याला डिसलेक्सिया म्हणतात. हा आजार नाही, आणि बाहेरचं तर अजिबात नाही."

मी म्हटलं, "मॅडम, मी सगळे शब्द विचारणार. हसू नका."

"विचारा."

मी विचारले. एकेक. स्लो लर्नर म्हणजे काय? सगळंच हळू शिकणारं मूल. हिचं तसं नाही. स्पेशल नीड म्हणजे? एखाद्या मुलाला शिकायला जास्तीची मदत लागते, ती गरज. रिपोर्टात लिहिलेलं रिमेडियल म्हणजे? तोच धडा वेगळ्या पद्धतीनं शिकवणं. शॅडो म्हणजे? काही मुलांना वर्गात सतत सोबत लागते, त्यांच्यासाठी. "हिला कशाला हवी?" डॉक्टर म्हणाल्या. "हिला पेपरला जास्त वेळ हवा. प्रश्न वाचून दाखवणारं कोणी हवं. शिकवायची पद्धत बदलायला हवी. ते शाळेनं करायचं असतं."

"आणि शाळेनं काढून टाकलं तर?"

"आठवीपर्यंत काढता येत नाही. तसा कायदा आहे."

मी परतीच्या वाटेवर तोंडातल्या तोंडात हे शब्द घोळवत होते. एक गोष्ट हळूहळू डोक्यात शिरली. शॅडोचा अर्थ मला चुकीचा लागला होता, कारण मला इंग्लिश येत नाही. मॅडमना अर्थ चांगला ठाऊक होता, आणि तरी त्यांनी तो शब्द माझ्या पोरीला लावला होता, आम्ही घाबरून निघून जावं म्हणून. मी चुकले तर सगळी शाळा हसली. त्यांच्यावर कोण हसलं?

शाळेनं पुन्हा बोलावलं तेव्हा नवरा म्हणाला, "कशाला भांडतेस? उद्या राग पोरीवर काढतील. आपन नडलेले हाव." त्याचं खरं होतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी. पण मी म्हटलं, पाय धरून धरून हात झिजले, गाढव काही हललं नाही.

प्रिन्सिपल मॅडमची केबिन. गार. शेजारी काउन्सिलर मॅडम. टेबलावर टाइप केलेला कागद, सहीच्या जागी पेन्सिलची फुली. प्रिन्सिपल मॅडमचा आवाज मऊ, आजाऱ्याशी बोलावं तसा.

"मम्मी, आम्ही तिच्या भल्यासाठीच सांगतोय. तिच्यासारख्या मुलांमध्ये ती जास्त आनंदी राहील."

"तिच्यासारखी म्हणजे कशी?"

"म्हणजे... स्पेशल."

"मराठीत सांगा."

त्या काउन्सिलर मॅडमकडे बघायला लागल्या. काउन्सिलर मॅडम कागदाकडे. मराठी दोघींनाही चांगलं येत होतं, पनवेलच्याच आहेत. पण त्या शब्दाचं मराठी त्यांना माझ्या तोंडावर म्हणवेना.

"वेगळी," शेवटी प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या.

"वेगळी म्हणून वेगळी बसवायची? ते आम्हाला पिढ्यान् पिढ्या माहीत आहे, मॅडम. त्याला इंग्लिश शब्द तुम्ही आता शोधलात."

केबिनमध्ये कोणी हसलं नाही. मी हॉस्पिटलचा रिपोर्ट टेबलावर ठेवला. मग त्यांचा कागद जवळ ओढला आणि विचारलं, "यात काय लिहिलंय?"

"तुम्ही स्वखुशीनं दाखला घेताय, असं."

"खुशी कुणाची?"

"तुमची."

"माझी आहे तर ती मी देत नाही. सही करणार नाही. रिपोर्ट वाचा. नाही कळला तर मला विचारा, मी सांगते. आणि मला मम्मी म्हणू नका. मी आर्याची आई आहे, तुमची नाही."

मी त्यांचा कागद परत सरकवला आणि उठले.

सगळं छान झालं असं कोणी समजू नये. नवऱ्याचं म्हणणं खरं ठरलं. आर्याला शेवटच्या बाकावर एकटीला बसवतात. टीचर तिला प्रश्न विचारत नाहीत, म्हणजे उत्तर ऐकायला नको. वाढदिवसाला तिला कोणी बोलावत नाही. पेपरला जास्त वेळ मिळाला नाही. मी शिक्षण खात्यात अर्ज दिला, तिथला साहेब म्हणाला बघू. पोरगी अजून 'कमळ'ला अडखळते. रात्री झोपेत रडते कधीकधी, आणि मला वाटतं, सोडून द्यावं, घ्यावा दाखला, पोरीला तरी सुटू द्यावं. हे मला रोज वाटतं.

मग सकाळ होते आणि मी तिची वेणी घालते. 'हो मॅडम' मी आता म्हणत नाही. म्हणते, "म्हणजे काय?" मीटिंगमध्ये कोणताही शब्द आला की हात वर. म्हणजे काय? मराठीत सांगा. मागच्या मीटिंगला माझ्या मागून आणखी एका आईनं विचारलं, करंजाड्याच्या, बुरखा घातलेल्या. "हां मॅडम, मतलब क्या?" मॅडमनी घड्याळ बघितलं. बघू देत घड्याळ. आम्ही बसलोय.

ऑफिसातली बाई अजूनही मधूनच विचारते, "दाखला कधी नेताय?" तिला मी उत्तर देऊन ठेवलंय. दाखला न्यायला मी येणार नाही. आठवी झाली की आर्या स्वतः येईल. काउंटरला उभी राहील. त्यावरचं अक्षर न् अक्षर स्वतः वाचेल, मगच घेईल. तिला वाचायला वेळ लागतो. तेवढा वेळ तुम्ही ऑफिस उघडं ठेवायचं.