शुक्रवारची सुट्टी

वडील कामतघरला बारा तासांच्या शिफ्टमध्ये कापडाची लूम चालवायचे, आई सुताच्या कांड्या भरायची आणि आमची खोली कारखान्याच्या भिंतीला लागून. त्या खडखडाटात वडिलांचे कान गेले, पण भजनी मंडळातला पखवाज त्यांनी सोडला नाही. गेल्या वर्षी अर्धांगवायूनं उजवा हात लुळा पडला आणि पखवाज कोपऱ्यात गेला. अकलोलीला नदीकाठच्या देवीपुढे दर वर्षी आमच्याच घरचा पखवाज वाजायचा. या वर्षी नाही वाजला तर ती जागा दुसऱ्याला जाईल, असं मंडळाच्या बुवांनी तोंडावर सांगितलं.

मी म्हटलं, मी वाजवते. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, तीही शिकवणी न लावता. देवीवर श्रद्धा होती, पण भरवसा स्वतःवरच. सगळे बोल वहीत उतरवून पाठ केले. बुवा म्हणाले, "ग्रॅज्युएटबाई, देवीला काय पेपर लिहून देणार?" वडील म्हणाले, "वही मिट. हाताला पाठ व्हाया पायजे."

मग मी रोज ड्युटीला जायच्या आधी तासभर पखवाजावर बसायचे. आई पखवाजाला लावायची कणीक मळून ठेवायची. वडील डावा हात पखवाजाच्या अंगावर ठेवून नुसत्या थरथरीवरून माझी चूक धरायचे. भिंतीपलीकडे लूम चालूच. शुक्रवारी लूमला सुट्टी, म्हणून मीही सुट्टी घ्यायचे. सुट्टी घेऊ नको असं वडील दोनदा बोलले, मी मनावर घेतलं नाही.

अकलोलीच्या देवळात सकाळी बुवांनी सूर लावला, मी हात उचलला आणि काही सुचेचना. पहिली थाप चुकली, दुसरीही. ठेका भिंतीपलीकडची लूम धरायची, मी फक्त तिच्यामागे जायचे, हे मला तिथे चारचौघांत कळलं. टाळ थांबले. बुवांनी मागे बसलेल्या दुसऱ्या पखवाजवाल्याकडे पाहिलं. वडिलांना ऐकू येत नव्हतं, ते माझ्या हातांकडे बघत होते. मी डोळे मिटले. देवी आई, माझ्याच्यानं होत नाही, तू बघ, एवढंच मनात आलं. असं मी कधी कुणाला म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात खाली नदीवरून आवाज आला. धप, धप, धप. एकसारखा, न चुकता. माझे हात आपोआप त्याच्यात शिरले. टाळ पुन्हा सुरू झाले. तो आवाज कधी थांबला ते कळलं नाही. हात थांबले नव्हते.

भजन संपल्यावर खाली गेले. पाड्यावरची एक म्हातारी धोपाटणं बाजूला ठेवून गोधडी पिळत होती. मी तिच्या पाया पडले, तशी ती मागे सरकली. "माझ्या कशाला पडतं, बाय? मी गोधडी धुवाया आले. कालच येयाची व्हती, पाय धरला म्हून आज आले."

तिचा पाय आदल्या दिवशीच का धरला, याचा हिशोब मी मांडत नाही. मेहनत माझी होती, पण ती कुठे अपुरी पडणार हे मला ठाऊक नव्हतं, आणि तिथे हात जोडायला मला लाज वाटली नाही, एवढं खरं.

आता मी शुक्रवारीही बसते. बावीस अभंग वहीशिवाय हातात आहेत, आणि मंडळातली पखवाजाची जागा आमच्या घरातच आहे.