अल्बट्रॉसला ‘ये’ म्हणायचं राहिलं

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचतोय. कुणाच्या गॅलरीत पैंजण वाजतात, कुणाला मागून हाक येते... बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो. त्याबद्दल आधी सगळ्यांची माफी मागतो. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. माझ्या बाबतीत जे घडलं ते घाबरवणारंही नाही, उलट आठवलं की अजून हसू फुटतं. पण ते मला कुठल्याच बाजूने समजत नाही, म्हणून लिहितोय.

मी इंग्लंडमध्ये मेडनहेडला राहतो. आमची छोटी कंपनी समुद्री प्राण्यांवर लावायचे टॅग बनवते. अल्बट्रॉस या मोठ्या समुद्री पक्ष्याचा टॅग म्हणजे पाठीच्या पिसांना टेपने चिकटवायची काडेपेटीएवढी डबी. पक्षी कुठे आहे ते ती उपग्रहामार्फत कळवते, आणि जवळपास मासेमारीची बोट असेल तर तिचं रडारही ओळखते. या बोटी हजारो गळ लावलेली, मैलोन्‌मैल लांब दोरी पाण्यात सोडतात. अल्बट्रॉस आमिषावर झडप घालतो आणि गळाला अडकून बुडतो. कोणते पक्षी कोणत्या बोटींजवळ जातात हे कळलं तर काही करता येतं. काम चांगलं आहे. मी मात्र ते करताना घाई केली.

दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरात, मी टॅग लावायला दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जियाजवळच्या एका लहान बेटावर गेलो होतो. तिथे फिओना नावाची स्कॉटिश मुलगी पक्ष्यांवर लक्ष ठेवायला सलग दीड वर्ष राहणार होती. अल्बट्रॉसची जोडी आळीपाळीने अंडं उबवते. एक जण बसतो, दुसरा समुद्रावर पोट भरून येतो. बसलेला तोवर उपाशी.

निघायच्या दिवशी माझ्याकडे एकच टॅग उरला होता आणि जहाज थांबलं होतं. एका घरट्यावर नुकतीच बदली झाली होती. नर बसला होता, मादी उठली होती. फिओना म्हणाली, हिला जाऊ दे, फार भुकेली आहे. मी म्हटलं, पाच मिनिटांचं काम. ते पाच मिनिटांत झालं नाही. टेप बसेना, मादी चोच वाजवत राहिली, आणि शेवटी सोडताना मी वैतागून म्हणालो, “जा बाई, जा एकदाची.” ती उतारावरून धावत गेली, एवढाले पंख उघडले आणि दिसेनाशी झाली.

मी घरी पोचलो त्याच आठवड्यात तिचा सिग्नल बंद पडला. शेवटच्या नोंदीत बोटींचं रडार होतं.

टॅग बंद पडतात, नवीन काही नाही. पण तिची परतायची वेळही उलटून गेली. फिओनाचे मेसेज येत होते. नर अजून बसून आहे... वाळलाय... आज दोनदा उभा राहिला. मादी आली नाही तर एक दिवस तो भुकेने उठणार आणि अंडं संपणार, आणि त्याला कुणी दोष देऊ शकणार नाही. दोष कुणाचा ते मला माहीत होतं. मी जेवताना फोन उलटा ठेवायला लागलो होतो.

अशात संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही लेस्टरला आईकडे गेलो. आईचं घर बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीत आहे. आई निवृत्त डॉक्टर. इथल्या हॉस्पिटलात तिने आयुष्यभर बाळंतपणं केली. देवाला हात जोडते तेही घाईत. उपास-तापास, दृष्ट, काही नाही. फक्त एक गोष्ट तिच्या घरात चालत नाही. निघताना कुणी ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. माझी मुलगी रेवा सतरा वर्षांची, जन्म इथला, ती हमखास “आजी, मी जाते” म्हणते आणि दारातून परत बोलावली जाते.

स्वयंपाकघरात मी लॅपटॉप उघडून बसलो होतो. आईने तिळगुळाची ताटली पुढे केली, मी हात लावला नाही, तेव्हा तिने खुर्ची ओढली आणि पेशंटला विचारावं तसं विचारून सगळं काढून घेतलं. नराबद्दल तिने जास्त विचारलं. बाहेर बाकावर वाट बघत बसलेले नवरे तिने खूप पाहिलेत, म्हणाली. मग तिने विचारलं, मादीला सोडताना काय म्हणालास?

मी सांगितलं.

“‘जा’ म्हणालास? सरळ ‘जा’?”

“आई, पक्ष्याला मराठी कळतं का?”

“तुला कळतं ना?”

आईने फ्रिजमधून दही काढलं, त्यावर साखर घातली, आणि वाटी लॅपटॉपशेजारी ठेवून म्हणाली, आता म्हण. मी म्हटलं, काय म्हणू? ती म्हणाली, “जे तेव्हा म्हणायला हवं होतंस ते.”

रेवाला हे फारच आवडलं. तिने फोन काढून शूटिंग सुरू केलं. “माय डॅड, द सायंटिस्ट,” असं काहीतरी सुरू झालं तिचं. मला लाज वाटत होती. तरी नकाशावरच्या त्या शेवटच्या ठिपक्याकडे बघून मी म्हणालो, “ये गं. चुकलं माझं. तो वाट बघतोय, ये.” शेवटी आवाज थोडा फाटला, ते व्हिडिओत ऐकू येतं.

आणि नकाशावर दुसरा ठिपका आला.

व्हिडिओत रेवाचं हसणं मध्येच तुटतं आणि ती म्हणते, “बाबा, नवीन डॉट आली. बाबा, बघ ना, तिकडे आली.” ‘डॉट आला’ म्हण, असं दुरुस्त करायचं माझ्या आईलाही सुचलं नाही. ठिपका बोटींपासून पार लांब, बेटाच्या बाजूला होता. नंबर तिच्याच टॅगचा. मी उठून आईला मिठी मारली, दह्याची वाटी उपडी झाली, आणि आई म्हणाली, “आता ओटा पूस.”

पुढे काही नाही. तेवढा एकच ठिपका, पुन्हा शांत. सोमवार कोरडा गेला. मंगळवारी मी ऑफिसच्या कार पार्कमध्ये होतो तेव्हा फिओनाचा फोटो आला. घरट्यापाशी दोघं, माना आभाळाकडे करून, चोची वाजवत. त्याच्या पोटाखाली अंडं शाबूत. मी कारमध्ये बसून एवढा रडलो की शेजारच्या गाडीतल्या बाईंनी काच ठोठावून, तुम्ही ठीक आहात ना, विचारलं. मी म्हटलं, पक्षी आला. त्या म्हणाल्या, दॅट्स लव्हली.

इथपर्यंत योगायोग म्हणता येईल. मीही म्हणत होतो.

फिओनाने मादीच्या पाठीवरून टॅग काढून घेतला होता. पुढच्या जहाजाने तो मेडनहेडला आला. डबीला तडा गेलेला, आत खाऱ्या पाण्याने सगळं हिरवं पडलेलं. बॅटरी खलास. मेमरी मात्र वाचता आली, आणि ती बोटींपाशी संपत होती. त्या क्षणी पाणी शिरलं असणार. त्यानंतर टॅगने एकही जागा नोंदवलेली नाही, म्हणजे पाठवणं शक्यच नाही. आमच्या इंजिनिअरने सुचवलं, जुना मेसेज उशिरा आला असेल. पण दुसऱ्या ठिपक्याच्या जागी ती आधी गेलेलीच नव्हती. दुसऱ्या एखाद्या टॅगच्या ठिपक्याला चुकून हिचा नंबर लागला असेल म्हणावं, तर बाकीचे सगळे टॅग भलतीकडे होते. सर्व्हरवर तो ठिपका अजून आहे. रेवाच्या फोनमध्ये त्याचा व्हिडिओ आहे. ज्या डबीतून तो यायला हवा, तिच्यात तो नाही.

मला याचं उत्तर मिळालेलं नाही. इथे कुणाला सुचलं तर जरूर लिहा, पण आईला ‘योगायोग’ पुरेसा वाटतो हे आधीच सांगून ठेवतो. तिचं म्हणणं एवढंच की सोडताना नीट बोलायला काय जातं.

मार्चमध्ये पिल्लू बाहेर आलं आणि दोघांनी मिळून ते एवढं पोसलं की शेवटी आईबापांपेक्षा जाड दिसायला लागलं. गेल्या डिसेंबरात ते उडालं. अल्बट्रॉसची पिल्लं एकदा उडाली की काही वर्षं जमिनीवर उतरत नाहीत. त्या आधी फिओनाने मला विचारून घेतलं होतं, तुझी आई कोणता शब्द म्हणते? मग तिचा मेसेज आला. पिल्लू धावलं तेव्हा ती वाऱ्यात ओरडून ‘ये’ म्हणाली होती. उच्चार बरोबर असेल का, याची तिला शंका होती.

मी तो मेसेज आईला फोनवर वाचून दाखवला.

“तिला सांग,” ती म्हणाली, “ते परत आलं की कळेल.”