साडूंनी आणलेला सूर्य

नफातोटा न पाहता माणूस एकच गोष्ट करतो, ती म्हणजे जन्माला येतो. आमच्या थोरल्या साडूंनी तीही विचार करूनच केली असावी, कारण त्यांची माय सांगे की सुईण मध्येच घरी जाऊन जेवून आली, तरी हे यायला राजी नव्हते. पुढंही त्यांच्यात सुधारणा झाली नाही. कुठलाही प्रश्न पडला की ते नेहरू शर्टाच्या खिशांत शेंगदाणे टाकत, फायद्याचा दाणा उजव्या खिशात, तोट्याचा डाव्या, आणि संध्याकाळी कुठला खिसा जड लागतो ते चाचपत. अडचण एवढीच की बोलता बोलता हात खिशात जाई आणि दाणे तोंडात. त्यातून गडी डावखुरा, त्यामुळे बहुधा तोटाच खाल्ला जाई. आपलं लग्न जमलं ते त्यांना त्या दिवशी भूक लागली होती म्हणून, असं माझी मेहुणी आजही हसत सांगते.

चिकलठाण्याला त्यांचा सोलर पॅनलचा लहानसा कारखाना आहे. प्रत्येक पॅनल गच्चीवर उन्हात ठेवून तपासायचं ही त्यांची रीत, त्यामुळे पावसाळ्यात माल नुसता पडून राही. म्हणून एका विक्रेत्यानं त्यांच्याकडे सोलर सिम्युलेटर पारखायला आणून ठेवला. सिम्युलेटर म्हणजे विकतचा सूर्य. खिडकी नसलेली, आतून काळी रंगवलेली खोली आणि भिंतीत एक दिवा, तो लावला की भर दुपारचं ऊन पडतं. साडूंची खिसेभरणी सुरू झाली. पावसात काम होईल, पॅनलवर कावळे बसणार नाहीत, हे उजवीकडे. वीज खाईल, दिवे बदलावे लागतील आणि फुकटचं ऊन विकत घेतलं म्हणून कन्नड गावचे भाऊबंद जन्मभर हसतील, हे डावीकडे. मला ते खोली दाखवायला घेऊन गेले. खरं सांगतो, मला ती आवडली नाही. ऊन लख्ख होतं, पण त्यात माशी नव्हती, वारा नव्हता, आणि दिवा विझल्यावरही भिंतीवरची माझी सावली क्षणभर तशीच राहिल्यासारखी वाटली. मी तसं बोलून दाखवलं, तर साडू गंभीरपणे म्हणाले की हा मुद्दा आपण धरलाच नव्हता, आणि त्यांनी डाव्या खिशात एक दाणा टाकला.

मायचा एक नेम होता. सूर्याचं दर्शन झाल्याशिवाय ती अन्नाला शिवत नसे. म्हातारपणी डोळ्यांना नुसता उजेड-अंधार कळे, तरी नेम चालूच होता. आम्हाला एवढंच ठाऊक होतं की रझाकारांच्या धामधुमीत गावातल्या पोरीबाळींबरोबर तिलाही जमिनीखालच्या धान्याच्या पेवात लपवलं होतं, आणि पोलीस ॲक्शन होऊन निजाम शरण आल्यावर ती वर आली तेव्हापासून तिनं हा नेम धरला. त्या श्रावणात आभाळ उघडेचना. माय नुसत्या पाण्यावर राहिली. डॉक्टरांनी रागावून सलाइन लावलं, तर तिनं सुई काढून टाकली. तिचा आवाज खोल जायला लागला, तसे साडूही जेवेनासे झाले.

"साडूभाऊ, मायला त्यो दिवा दाखवावा म्हणतो," एका दुपारी ते मला म्हणाले. ही फसवणूक होईल, असं मी म्हटलं. "व्हय," ते म्हणाले, "पण जगंल ती."

तिकडं ऊन पडलंय, असं सांगून आम्ही तिला गाडीत घालून कारखान्यात नेलं. दोघांनी धरून खोलीत उभं केलं आणि दार लावलं. दिव्याला पेटायला थोडा वेळ लागतो, तोवर आत मिट्ट काळोख. त्या काळोखात मायनं माझं मनगट असं आवळलं की एवढा जोर तिच्यात आला कुठून तेच कळेना. मग कुणीतरी कुजबुजलं. तो आवाज लहान पोरीचा होता.

"गप. वर माणसं फिरायलीत."

बोलली होती मायच. तेवढ्यात दिवा पेटला. साडूंनी तो मंद केला होता. माय हात जोडून कितीतरी वेळ उभी राहिली, आणि मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "लई दिसांनी निघाला." साडूंचे डोळे भरून आले होते. आता बंद करतो, जेवायला चल, असं ते म्हणाले, तर मायनं मान हलवली.

"थांब. धाकटीनं बघितला नाय अजून."

आणि ती जराशी बाजूला सरकली, समोर कुणाला तरी जागा करून दिल्यासारखी. आपल्याला एक मावशी होती आणि ती पेवातून वर आलीच नाही, हे साडूंना त्या क्षणी कळलं. आम्ही तिघं उभे होतो. मागच्या भिंतीवरच्या सावल्या मोजायचा मला धीर झाला नाही. बऱ्याच वेळानं मायच "चला आता" म्हणाली, आणि घरी येऊन दूधभाकरी जेवली.

सिम्युलेटर साडूंनी ठेवून घेतला. तो सूर्य खोटा आहे हे मायला कळलं होतं की नाही, ते आम्ही तिला कधी विचारलं नाही. पुढं काही पावसाळे तिनं त्याच्यावर काढले आणि एका हिवाळ्यात, अंगणात चांगलं ऊन पडलेलं असताना, ती गेली.

गेल्या श्रावणात मी कारखान्यात गेलो, तर काम संपलेलं, पॅनल एकही नाही, आणि साडू त्या खोलीत दिवा लावून एकटेच भिंतीला टेकून उभे. मी आत जाऊन समोर उभा राहिलो आणि म्हटलं, माय तर गेली, आता हा कुणासाठी? त्यांनी माझा दंड हलकेच धरला.

"जरा हिकडं सरका, साडूभाऊ," ते म्हणाले. "मावशीला दिसंना."