दुसऱ्या कडव्यातला कण

घोषणाबाईंचा आवाज गावातल्या सगळ्यांनी ऐकला होता, पण तो नीट कुणालाच ठाऊक नव्हता. बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचं त्यांचं काम. काचेच्या खोलीत माइकसमोर त्या बोलत ते स्वच्छ आणि ठसठशीत असे. छताखालच्या कर्ण्यांतून बाहेर पडेपर्यंत मात्र त्यातली व्यंजनं वाटेतच गळून जात आणि प्रवाशांच्या हाती नुसते स्वर लागत. रोजचे प्रवासी स्वरांच्या चढउतारावरून आपली गाडी ओळखत, नवखे शेजारच्याला विचारत. बाईंचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं.

रस्त्याच्या पलीकडे, औषधाच्या दुकानाच्या माडीवर त्यांचे यजमान बसत. दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या घडवायचा त्यांचा धंदा, म्हणून ते कवळीवाले. गावातले निम्मे म्हातारे त्यांच्याच दातांनी हसत आणि त्यांच्याच दातांनी त्यांना नावं ठेवत. कितीही धूळ आली तरी कवळीवाले खिडकी उघडी ठेवून काम करत, कारण खिडकीतून बायकोचा आवाज येई. खालचा औषधवाला म्हणे, "संसार असावा तर असा. बायको दिवसभर बोलते आणि याला एक अक्षर कळत नाही."

कवळीवाल्यांना आयुष्यात दोन गोष्टींचा अभिमान होता. एक म्हणजे त्यांची कवळी शेंगदाण्यालाही हलत नसे. दुसरी म्हणजे त्यांच्या बायकोचा आवाज रेकॉर्डवर होता.

रेकॉर्ड होती रस्ता सुरक्षेच्या गाण्यांची. परिवहन खात्याला कधीकाळी हौस आली होती, तेव्हा त्यांनी आपल्याच कर्मचाऱ्यांना गायला लावून ती काढली. तिच्या वेष्टनावरच्या फोटोत वाहक, तिकीट खिडकीवाल्या, कार्यशाळेतले मेकॅनिक असे ओळीने उभे होते आणि सगळ्यांत मागे, तोंड पार टाळ्यापर्यंत उघडलेल्या, तरुण घोषणाबाई. पाठीमागे त्यांचं नावही छापलेलं होतं. दर रविवारी चहानंतर कवळीवाले ती रेकॉर्ड लावत. लावण्याआधी मऊ ब्रशने पुसत, कारण दुसरं कडवं संपतं तिथे एक कण बसला होता आणि तो काही केल्या निघत नव्हता.

खरी गोष्ट अशी, की त्या रेकॉर्डवर घोषणाबाईंचा एकही सूर नव्हता.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी त्यांना सडकून सर्दी झाली होती. गाणं बसवणाऱ्या मास्तरांनी त्यांची एक ओळ ऐकली आणि डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, बाई, तुम्ही मागे उभ्या राहा, तोंड हलवा, आवाज काढू नका, फोटोत ओळ भरलेली दिसली की झालं. बाईंनी अगदी मन लावून तोंड हलवलं.

त्यांनी हे लपवलं, असंही म्हणता येत नाही. लग्न ठरायच्या आधी कवळीवाले त्यांच्या घरी चहाला आले होते, तेव्हा वडिलांनी कौतुकाने ती रेकॉर्ड लावली. गाण्यात एक उंच, गोड आवाज बाकीच्यांच्या डोक्यावरून वर निघाला. हातातली बशी सावरत कवळीवाले म्हणाले, "हा तुमचा. कळतोच." बाईंनी मान खाली घातली. मुलीने मान खाली घातली की त्याचा एकच अर्थ घ्यायचा, असा तो काळ होता. आवाज होता तिकीट खिडकीवालीचा. ती बाई पुढे बदली होऊन कुठल्या कुठे गेली, पण तिचा आवाज घोषणाबाईंच्या घरी कायमचा नांदायला आला.

तो तसाच सुखाने नांदलाही असता. पण कवळीवाल्यांना एक थोरली बहीण होती. ताई शाळेत गाणं शिकवत. आता त्या निवृत्त झाल्या होत्या, पण कान अजून नोकरीत होते. रविवारी कधी आल्या की त्या रेकॉर्ड ऐकत आणि दर वेळी तेच विचारत, "अरे, यात तुझी बायको कुठे आहे? मला तर नुसता गलका ऐकू येतो." कवळीवाले म्हणत, सुई जुनी झालीय. ताई म्हणत, सुई जुनी झाली म्हणून माणूस हरवत नाही. बहीणभावांचं हे भांडण इतकं मुरलं होतं की घोषणाबाईंना त्याचा आधार वाटू लागला होता. जोवर सुई जुनी, तोवर अब्रू शाबूत.

आणि एक दिवस कवळीवाले नवीन कार्ट्रिज घेऊन आले.

डबी काडेपेटीएवढी, आत कापसात निजवलेला ठोकळा आणि त्याच्या पोटाखाली डासाच्या सोंडेसारखी सुई. जेवताना त्यांनी बायकोला समजावून सांगितलं. "आवाज रेकॉर्डच्या खाचेत दोन्ही भिंतींवर कोरलेला असतो. आपली जुनी सुई गोल टोकाची. सैल कवळीचा माणूस घास नुसता घोळवतो ना, तशी ती वरवर फिरते. ही बारीक आहे. थेट खाली उतरते. जिथे आजवर कुणी पोचलं नाही तिथलं वर काढते."

"म्हणजे काय होणार?" बाईंनी विचारलं. 

"एकेक आवाज सुटा होणार. तू तर अशी समोर येऊन उभी राहणार. रविवारी ताईला बोलावलंय. एकदाचा तिचा कान उपटतो."

त्या आठवड्यात घोषणाबाईंनी काय काय करून पाहिलं. आधी त्यांनी जुनं ते सोनं असतं हे सांगितलं. कवळीवाले म्हणाले, माझ्याकडे येणारा प्रत्येक जण हलत्या दाताबद्दल हेच म्हणतो. मग झाडताना कार्ट्रिजचा एक स्क्रू केरात गेला. तो इतका बारीक होता की बाईंना स्वतःलाच दोनदा शोधावा लागला, तेव्हा कुठे तो टाकता आला. कवळीवाल्यांनी आपल्या खणातून तसलाच दुसरा काढला. त्यांच्या खणात माणसाच्या तोंडात बसेल असं सगळं काही होतं.

शेवटी बाईंनी रेकॉर्डच पिशवीत घातली आणि बसस्थानकावर नेली. तिथे चौकशी खिडकीमागे हरवलेल्या सामानाचं कपाट होतं. छत्र्या, डबे, एका पायाचे बूट, आणि कुणीतरी गाडीत विसरून गेलेली कुबडी. हा माणूस गाडीतून उतरून गेला कसा, यावर स्थानकावर अजून चर्चा चाले. त्या पसाऱ्यामागे रेकॉर्ड सरकवून बाईंनी कपाट लावलं आणि हात झटकले. रविवार गेला की परत न्यायची, एवढाच बेत.

चौकशी खिडकीवरचा कारकून मात्र नियमाचा पक्का होता. आठवड्यातून एकदा कपाट उपसायचं, नवीन काही दिसलं की चिठ्ठी करायची आणि घोषणेला पाठवायची. हा नियम बाईंना माहीत नव्हता असं कसं म्हणावं? त्या चिठ्ठ्या वर्षानुवर्षं त्याच तर वाचत होत्या. पण वाचायच्या म्हणजे काय, तर समोर आलेली चिठ्ठी डोळ्यांतून निघून थेट तोंडातून बाहेर. मध्ये मेंदूचं स्थानक लागत नसे.

त्याप्रमाणे चिठ्ठी आली आणि बाई धीरगंभीर आवाजात म्हणाल्या, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. रस्ता सुरक्षेच्या गाण्यांची एक रेकॉर्ड सापडली आहे. ज्यांची असेल त्यांनी ओळख पटवून..."

इथे त्यांची जीभ थांबली. स्थानकभर क्षणभर नुसती घरघर ऐकू आली.

घाबरण्यासारखं तसं काही नव्हतं. कर्ण्यांतून बाहेर पडलेलं ते वाक्य जगात कुणालाही कळण्यासारखं नव्हतं. पण औषधवाल्याचा समज चुकीचा होता. कर्ण्यांची ती भाषा एका माणसाला येत होती, आणि तो हाताला साच्याचं ओलं प्लास्टर तसंच असताना जिना उतरून रस्ता ओलांडत होता. तोही, रेकॉर्डमध्ये सांगितल्याप्रमाणे, दोन्हीकडे बघून.

कारकून कवळीवाल्यांना चांगला ओळखत होता. त्याच्या वडिलांचे दात त्यांनीच केले होते. तरी त्याने विचारलं, "वस्तूची खूण सांगा."

कवळीवाल्यांनी सांगितली. पहिल्या गाण्याचं दुसरं कडवं संपतं, सगळे श्वास घ्यायला थांबतात, तिथे टिक् असा आवाज होतो. कण आहे आत, लग्न झाल्यापासून पुसतोय. कारकुनाने रेकॉर्ड उजेडात धरून निरखली, त्याला काही दिसलं नाही, आणि त्याने समाधानाने मान हलवली.

मग कवळीवाले काचेच्या खोलीपाशी आले. आत बाई माइकला धरून बसल्या होत्या, बुडणारा माणूस ओंडक्याला धरतो तशा. ते हसले. म्हणाले, "सगळ्यांना दाखवायला आणलीस होय? मला सांगायचंस. मीच नीट कागदात गुंडाळून दिली असती."

त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं.

रविवार उजाडला. ताई वेळेच्या आधीच आल्या आणि परीक्षकासारख्या खुर्चीत ताठ बसल्या. कवळीवाल्यांनी डोळ्याला कामावरचं भिंग लावलं, चिमटा घेतला आणि टर्नटेबलवर वाकले. लाल, पांढरी, निळी, हिरवी अशा चार केसाएवढ्या तारा एकेक करून जागेवर बसवल्या. सुई सरळ आहे की तिरकी, हे चौकटी आखलेल्या कागदावर ठेवून पाहिलं. मग दाब किती पडतो ते चिमुकल्या काट्यावर मोजलं. सवयीने ते मधेच "आता जरा चावून बघा" असंही म्हणाले.

बाईंनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मनाचा हिय्या केला. ताईंच्या तोंडून निघण्यापेक्षा आपणच सांगून टाकलेलं बरं. "अहो," त्या म्हणाल्या, "जरा माझं ऐका."

"तेच तर ऐकायचंय," कवळीवाले म्हणाले आणि त्यांनी सुई टेकवली.

पहिल्या ओळीतच खोली बदलली. इतकी वर्षं जो गलका होता त्यातून माणसं उठून उभी राहू लागली. डावीकडे मेकॅनिकचा जाडाभरडा आवाज आला. एक वाहक, गाडी सुटत असल्यासारखा, सगळ्यांच्या अर्धी मात्रा पुढे धावत होता. कुणाचा तरी बूट लाकडी जमिनीवर करकरला. आणि या सगळ्यांतून तो उंच, गोड आवाज निघाला. इतका जवळ, की त्यातली किंचित अनुनासिक लकबसुद्धा ऐकू आली.

"हा बघ," कवळीवाले हळूच म्हणाले.

ताईंनी डोळे उघडले. "अरे, ही तुझी बायको नव्हे. हिचा आवाज खालचा आणि भरदार आहे. नाकात तर अजिबात नाही. ही भलतीच कुणीतरी आहे."

कवळीवाले काहीतरी बोलायला गेले, तरुणपणी आवाज वेगळा असतो वगैरे, आणि बोलता बोलता त्यांनी दाराकडे पाहिलं. बाईंनी मान खाली घातली होती. अगदी पहिल्यांदा घातली होती तशीच. पण एवढ्या संसारानंतर माणसाला मानेचे दोनतीन अर्थ तरी कळू लागतात. भर पंगतीत कवळी निसटावी, तसा त्यांचा चेहरा झाला. गाणं चालूच होतं, ते बंद करायचंही कुणाला सुचलं नाही.

दुसरं कडवं संपलं. सगळे श्वास घ्यायला थांबले. आणि जिथे कायम टिक् व्हायचं, तिथे टिक् झालं नाही.

तिथे कुणीतरी शिंकलं. पुरतं नव्हे. नाक दाबून, अर्ध्यातच गिळलेली, "हुप्छ्" अशी एक शिंक.

ती शिंक त्या घरातली भांडीसुद्धा ओळखत होती. माइकसमोर शिंकायला बंदी, म्हणून बाईंना शिंक अर्ध्यात गिळायची जन्माची खोड लागली होती. सकाळी पहिला नळ आणि पाठोपाठ ती शिंक, असा कवळीवाल्यांचा दिवस सुरू होई.

त्यांनी सुई उचलली, अलगद मागे नेली आणि पुन्हा टेकवली. हुप्छ्. पुन्हा उचलली. या वेळी ताईही खुर्चीतून पुढे झुकल्या. हुप्छ्.

"ही तू," कवळीवाले म्हणाले.

मग बाईंनी सगळं सांगितलं. सर्दी, मास्तर, मागची ओळ, फोटो. कवळीवाले भिंग डोळ्यावर तसंच ठेवून ऐकत राहिले, त्यामुळे त्यांचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा फारच मोठा दिसत होता.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?" बाई म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत."

कवळीवाल्यांनी रेकॉर्ड पुसायचा ब्रश हातात घेतला. त्याच्याकडे बघता बघता त्यांच्या खांद्यांना हिसके बसू लागले, तेव्हा बाईंना वाटलं, आता रडतात की काय. पण ते हसत होते. "आणि मी," ते कसेबसे म्हणाले, "मी इतकी वर्षं तुझं नाक पुसतोय."

बाईही हसल्या, डोळे पुसत, दाराला टेकून. राहता राहिल्या ताई. दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं, कारण त्या घरात गाण्याच्या बाबतीतला शेवटचा शब्द काही झालं तरी त्यांचा होता. ताईंनी हाताने खूण करून शिंक आणखी एकदा लावायला सांगितली. डोळे मिटून ऐकली.

"सुरात आहे," त्या म्हणाल्या. "समेच्या जरा अलीकडे पडली, पण सुरात आहे."

त्यानंतर त्या घरी जो पाहुणा जाई, त्याला रस्ता सुरक्षेचं पहिलं गाणं ऐकावं लागे. दुसरं कडवं संपत आलं की कवळीवाले बोट वर करत, पाहुण्याने श्वास रोखावा म्हणून. उंच गोड आवाजाबद्दल कुणी विचारलंच तर म्हणत, ती आपली कुणीतरी बाजूला गातेय.

आणि थंडी पडू लागली तेव्हा एका सकाळी, गाडीच्या घोषणेच्या ऐन मध्यावर, घोषणाबाईंना माइकसमोर शिंक आली. या वेळी त्यांनी ती गिळली नाही. कर्ण्यांतून काय बाहेर पडलं ते फलाटावरच्या कुणालाही कळलं नाही, दोघेजण तर चुकीच्या गाडीत बसले. रस्त्यापलीकडच्या माडीवर मात्र एक हात खिडकीत आला. हातात कुणाचे तरी दात होते, आणि बोट वर होतं.