छत्तीस रिकामे चौकोन

माझी पत्नी विषाणूंचा अभ्यास करत असे. नाशिकमधल्या आमच्या ओळखीपाळखीत हे नीट समजलेली माणसे मला धरून तीन. बाकीच्यांसाठी ती 'कोंबड्यांच्या बाई' होती, आणि त्यांचे फारसे चुकतही नव्हते.

सत्तरचे दशक संपत आले होते. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असे आणि पुण्याच्या एका सरांकडे पीएच.डी. करत असे. कोंबड्यांना कर्करोग करणारा एक विषाणू आहे. ज्या जनुकाच्या जोरावर तो गाठ उठवतो, ते मूळचे कोंबडीचेच. विषाणूने ते कधीतरी उचलून नेले, असे तेव्हा नुकतेच उघड झाले होते. पुण्यात या विषयाची नवी प्रयोगशाळा निघत होती. तिथली एक जागा सरांनी तिच्यासाठी धरून ठेवली होती. अट एकच, प्रबंध नवरात्राच्या आत सादर झाला पाहिजे.

कॉलेजच्या मागच्या शेडमध्ये चोवीस तलंगा होत्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या. बाराजणींच्या पंखात विषाणू टोचला होता, उरलेल्या बाराजणींना नुसते मिठाचे पाणी. दर रविवारी चोवीस पंखांवर गाठ किती मोठी ते मोजायचे, असे दहा आठवडे. मी सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होतो. जाडी मोजायचा कॅलिपर धरायला माझा हात तिच्यापेक्षा स्थिर, म्हणून मोजणे माझ्याकडे आणि लिहिणे तिच्याकडे. मिठाच्या पाण्यावाल्यांच्या पाळीला मी दर वेळी 'शून्य पूर्णांक शून्य' असे सांगे.

"अहो, नुसतं शून्य म्हणा ना."

"कॅलिपर दशांशापर्यंत आहे," मी म्हणे.

आठव्या आठवड्यात गटारी आली. श्रावणभर मांसाहार बंद, म्हणून आधीच्या अमावस्येला जे खायचे ते खाऊन घेण्याचा हा दिवस. प्रयोगाच्या आराखड्यात त्याची नोंद नव्हती. अमावस्येच्या सकाळी कॉलेजचा पहारेकरी घरी आला.

"बाई, शेडचं कुलूप तोडलंय. बारा गेल्या."

"कोणत्या बारा?"

"चांगल्या. गाठीवाल्यांना हात बी लावला नाय. लय पारखी माणूस हाय कोनीतरी."

आम्ही जाऊन पायांतल्या कड्यांचे नंबर वहीशी ताडून पाहिले. चोराने केलेली विभागणी आमच्या विभागणीशी शंभर टक्के जुळत होती.

निरोगी कोंबड्यांशिवाय प्रयोगाला अर्थ नव्हता. गाठ विषाणूने आली की टोचल्याच्या जखमेने, हे त्यांच्याशी ताडूनच ठरायचे. काही गाठी उशिरा उठतात, म्हणून शेवटचे तीन रविवार महत्त्वाचे. तक्त्यातले बारा त्रिक छत्तीस चौकोन आता रिकामे राहणार होते.

तिने सरांना ट्रंककॉल लावला. सरांचा आवाज शेजारी उभ्या असलेल्या मलाही ऐकू येत होता. "सात आठवडे शून्य आलंय ना? मग पुढे काय येणार आहे? भरून टाका, आणि लिहायला बसा."

"बघते, सर," म्हणून तिने फोन ठेवला.

"सर बरोबर सांगताहेत," मी म्हणालो. "चौऱ्याऐंशी वेळा शून्य आलं. पुढच्या छत्तीस वेळा वेगळं काय आलं असतं? पैज लाव."

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "तुम्ही गेल्या महिन्यात एका कामगाराची लेखी तक्रार केलीत. न मोजता मापं लिहितो म्हणून."

"केली."

"त्याची मापं चुकली होती?"

ती तक्रार मी जेवताना तिला अभिमानाने सांगितली होती, त्यामुळे आता खोटे बोलायची सोय नव्हती. "नाही. मी सगळी पुन्हा मोजली. बरोबर होती."

"मग?"

मी पैज मागे घेतली.

प्रयोग पहिल्यापासून करायचा ठरला, पण त्याच पोल्ट्रीतल्या, त्याच वयाच्या चोवीस तलंगा पुन्हा मिळून नाशिकच्याच द्वारका चौकात ट्रकमधून उतरेपर्यंत थंडी पडली होती. नवरात्र केव्हाच होऊन गेले होते. पुण्याची जागा सरांच्या दुसऱ्या विद्यार्थ्याला मिळाली. त्याच्या तक्त्यात म्हणे एकही चौकोन रिकामा नव्हता.

आम्ही पुन्हा दहा रविवार मोजले. निरोगी बाराजणींची एकशेवीस मापे झाली, आणि एकशेवीसही शून्य पूर्णांक शून्य. शेवटचे माप सांगून मी कॅलिपर पुसला.

"मी म्हटलं होतं."

"म्हटलं होतंत," ती म्हणाली आणि आकडा लिहिला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तो रकाना 'हे अपेक्षितच' म्हणत उलटला. प्रबंधाला एवढा उशीर का, असे मात्र विचारले. तिने खरे कारण सांगितले. ते मनापासून हसले आणि तिला डॉक्टरेट दिली.

या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. ती अजून त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला बेडूक शिकवते. कर्करोगाच्या जनुकांविषयी पुण्याहून तीन-तीन महिने उशिरा येणाऱ्या मासिकांत वाचते, पेन्सिलीने खुणा करून. त्या प्रयोगशाळेत पुन्हा जागा निघाली नाही.