चपला कोरड्या आहेत

आमच्या घरात पाय फुकट मिळाले होते आणि चपला विकत आणाव्या लागत होत्या, त्यामुळे काळजी कुणाची घ्यायची हा प्रश्न कधी पडलाच नाही. पायात काटा गेला की आई सुई तापवायची, ओरडलं तर दटावायची, आणि विषय संपायचा. चपलेचा अंगठा तुटला तर मात्र घरात सुतक. बाबा ती चप्पल हातात घेऊन उलटीपालटी करत आणि गंभीरपणे विचारत, "अशी चाललीस तरी कशी तू?" चालणं हा चपलेचा गैरवापर आहे, असाच त्यांचा सूर असायचा.

आमचं घर अष्टमीला. कुंडलिकेवरचा पूल ओलांडला की रोह्याचा बाजार. पावसाळ्यात तिथे भिंतींना ओल, पापडांना ओल, काडेपेटीला ओल, गादीला ओल. ती सगळी देवाची करणी. चपलांना ओल लागली तर तो मात्र आमचा निष्काळजीपणा. जूनच्या तोंडावर बाबा घरातल्या सगळ्या चांगल्या चपला गोळा करायला बसत. खोबरेलाचं फडकं फिरवत, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबत, वर कडुलिंबाचा पाला घालत आणि प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून सगळं माळ्यावर टाकत. ते गाठोडं थेट दसऱ्याला खाली यायचं. मधल्या काळात आम्ही रबरी स्लिपर घालायच्या, त्याही रस्ता बरा असेल तर. चिखल आला की स्लिपर हातात आणि पाय चिखलात. आमच्या गल्लीतली सगळी पोरं शाळेच्या नळावर पाय धुऊन मगच चपला घालून वर्गात शिरायची. बाईंना वाटायचं, केवढी स्वच्छतेची आवड.

दसऱ्याला गाठोडं सुटलं की आत हिरवीगार बुरशी. दर वर्षी. बाबा ती फडक्याने पुसत आणि समाधानाने म्हणत, "बघ, एक पण भिजली नाय."

बाबा कंपनीत होते, शिफ्टला. कंपनी दर वर्षी जाड तळाचे सेफ्टी शूज द्यायची. बाबा जुनेच शिवून, चिकटवून वापरत आणि नवे खोक्यासकट कपाटात ठेवत. का, तर रिटायर झाल्यावर लागतील. रिटायर झालेल्या माणसाच्या पायावर लोखंड नेमकं कुठून पडतं, असं मी एकदा विचारलं होतं. बाबांनी खोकं कपाटात आणखी आत सरकवलं. पुढे ते खरंच रिटायर झाले, हारतुरे झाले, आणि एका सकाळी मोठ्या ऐटीत पहिलं खोकं उघडलं गेलं. शूज चकाचक. ते घालून बाबा बाजाराला निघाले आणि पुलाच्या मध्यावर दोन्ही तळ खालून सुटून पडले. भिजले नव्हते, झिजले नव्हते, नुसते ठेवून ठेवून मेले होते. हातात घेऊन दाबले तर शिळ्या भाकरीसारखा भुगा व्हायला लागला. बाकीच्या खोक्यांतही तीच तऱ्हा. बाबा पुलावरून अनवाणी घरी आले. पायात मोजे होते, ते काढून त्यांनी खिशात ठेवले होते, कारण चालून मोजे खराब झाले असते.

"कंपनीनं फसवलं," ते म्हणाले, आणि पुन्हा रबरी स्लिपर पायात सरकवल्या.

मग साखर आली. म्हणजे ती बरीच आधी आली असणार, आम्हाला कळलं तेव्हा ती घरातली झाली होती. मी पेणला राहते, रामवाडीत, आणि शाळेत शिकवते. माझ्या दाराशी चपलांचं बंद कपाट आहे, त्यात ओल शोषून घेणाऱ्या पांढऱ्या पुड्या आहेत, त्यामुळे मी आमच्या घराण्यातली सुधारलेली शाखा, असं माझं ठाम मत होतं. त्याच अधिकाराने मी बाबांना पेणच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी त्यांच्या तळव्याला टोकदार काहीतरी लावलं आणि विचारलं, "टोचलं?"

"कधी टोचणार हाय?" बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी मग मला समोर बसवून सांगितलं. यांच्या पायाला लागलेलं यांना कळणार नाही. लहानशी जखम आत चिघळत जाईल, आधी बोट जाईल, मग पाऊल. तेव्हा घरात, दारात, न्हाणीघरापर्यंत, सगळीकडे चप्पल. अनवाणी एक पाऊलही नाही. चप्पल भिजली तर पुसा, पाय पुसा, पण चप्पल काढू नका. जाता जाता ते मला म्हणाले, "घरात आहे, तर तुमचीही साखर एकदा बघून घ्या." मी म्हटलं, बघू.

डॉक्टरी चपला घेतल्या. मऊ तळाच्या, मागे पट्टा असलेल्या, दिसायला अगदी बावळट. दुकानात बाबांनी त्या नाकाशी नेऊन वास घेतला, तळव्यावर बोट फिरवलं आणि किमतीची चिठ्ठी वाचली. ती चिठ्ठी मी आधी फाडायला हवी होती. तिथेच घात झाला.

रोज संध्याकाळी मला फोटो पाठवायचा, असा मी हुकूम सोडला. मास्तरीण असल्याने हुकूम सोडणं जमतं. बाबांनी तो इतका मनापासून पाळला की मला कौतुक वाटलं. रोज दिवेलागणीला फोटो. चपला समोरून, चपला बाजूने, चपला उताण्या. खाली एक ओळ: 'चपला कोरड्या आहेत.' पहिल्या दिवशी मी फोन करून म्हटलं होतं, अहो, पायांचाही पाठवा. त्यावर ते म्हणाले, "पायात काय बघायचंय? तो रोजचाच हाय." मी हसले. मग नातेवाइकांच्या ग्रुपवरही ते फोटो जायला लागले. सकाळच्या फुलांच्या आणि सुविचारांच्या गर्दीत रोज बाबांच्या चपला. सगळे अंगठे वर करायचे. आत्याने तर हात जोडलेलं चित्र पाठवलं. मी शाळेत सगळ्यांना दाखवलं, आमचे बाबा या वयात किती काटेकोर आहेत. कुणाच्या तरी आजाराची इतकी छान देखरेख दुसऱ्या कुणी फोनवरून केली नसेल.

जुलैत एकदा पावसाने शाळेला सुट्टी मिळाली. घरात बसून मी ते फोटो एकामागून एक सरकवत होते आणि एका उताण्या चपलेवर माझं बोट थांबलं. तळ कोरा होता. आधीच्या फोटोतही कोरा. त्याच्या आधीच्याही. जुलै महिना, अष्टमीची गल्ली, बाबांची रोजची बाजाराची फेरी, आणि चपलेच्या तळाला चिखलाचा एक ठिपका नाही. पुसलेल्या नव्हत्या त्या. त्या घातल्याच नव्हत्या.

फोन केला तर लागेना. पाऊस जरा कमी झाल्यावर मी एसटी पकडली आणि रोह्याला उतरले. पुलावर चढले तेव्हा समोरून बाबाच येताना दिसले. लेंगा पोटरीपर्यंत दुमडलेला. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात छातीशी धरलेली प्लास्टिकची पिशवी. छत्री डोक्यावर कमी आणि पिशवीवर जास्त होती. पाय अनवाणी. नंतर कळलं, बाजारात पोचले की ते पाय पुसून चपला घालत, चार ओळखीची माणसं भेटत, त्यांना चपला दाखवून होत, आणि परत निघताना त्या पुन्हा पिशवीत जात.

"बाबा!"

"अगो, तू कशी काय?" ते खूश झाले. मग पिशवी माझ्यापुढे केली. "धर आधी. छत्री गळते, भिजतील."

घरी नेऊन मी त्यांचे पाय धुतले. उजव्या अंगठ्याच्या खाली काळपट भोक होतं आणि त्यात काचेचा तुकडा रुतलेला होता. वास येत होता. आई मागे उभी होती. "लादीवर रोज लाल लाल दिसायचं," ती म्हणाली, "मला वाटलं माती हाय गो. मी पुसून घ्यायची." बाबा वाकून स्वतःच्याच पायाकडे बघत होते, शेजाऱ्याच्या घरात डोकावावं तसे. मी घाबरले. फार घाबरले, म्हणून फार ओरडले. नको नको ते बोलले. आई रडायला लागली. बाबा एवढंच म्हणाले, "दुखत नाय पण."

अंगठा गेला. पेणच्या हॉस्पिटलात, डॉक्टरांनी शक्य ते सगळं करून पाहिल्यावर. पाऊल वाचलं, पण ते म्हणाले, आणखी थोडे दिवस गेले असते तर तेही वाचलं नसतं. बाबा ऑपरेशनच्या आधी रडले नाहीत, नंतरही नाहीत. डॉक्टरांनी चपला बघायला मागितल्या, तेव्हा तर त्यांचा चेहरा उजळला. डॉक्टर चपला फिरवून फिरवून बघत राहिले.

"जूनपासून आहेत," बाबा अभिमानाने म्हणाले. "एक ओरखडा दाखवा."

डॉक्टरांनी त्या खाली ठेवल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. भेटायला येणाऱ्यांनी पुढे ही गोष्ट आपापल्या परीने घरोघर नेली. एक काका म्हणाले, नशीब, चपला तरी चांगल्या राहिल्या, आणि त्यांनी हे अगदी धीर द्यायला म्हटलं होतं. खुर्चीखाली त्यांची स्वतःची चामडी जोडी पिशवीत बांधून ठेवलेली होती. ते स्टँडपासून हॉस्पिटलापर्यंत कसे आले, हे मी विचारलं नाही.

त्या चपला आता बाबांच्या पायाला होत नाहीत. अंगठा नसलेल्या पावलाचं माप वेगळं. नवी जोडी मुद्दाम करून घ्यावी लागली, रिकाम्या जागेत मऊ भर घातलेली. जुनीत आईने वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि ती माळ्यावर ठेवली. कुणासाठी, ते तिलाही माहीत नाही.

नवी जोडी आली, त्यानंतर मी त्यांना तपासणीला न्यायला अष्टमीला गेले. गणपती होऊन गेले होते तरी पाऊस हटला नव्हता. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली, आत येईना, कारण आत नुसता चिखलाचा राडा झाला होता. मी खाली बसून बाबांच्या चपलेचा पट्टा घट्ट केला, उठले, छत्री मानेत दाबून धरली आणि त्यांचा हात धरला. बाबा पायरीवर उभे. खाली लाल पाणी. त्यांनी चपलांकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात इतक्या लाचारीने कुणी कुणाकडे पाहिलेलं मला आठवत नाही.

"उतरा," मी म्हटलं.

ते उतरले. दोन्ही चपला घोट्यापर्यंत चिखलात गेल्या. बाबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"गेल्या गो," ते म्हणाले.

अंगठ्यासाठी नाही, चपलांसाठी रडणारा हा माणूस माझा बाप. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मी त्यांचा हात घट्ट धरला आणि आम्ही चालू लागलो, एकेक पाऊल, डबक्यांतून, दगडांवरून. शेवटी हे एक तरी मी नीट करून दाखवलं, असं मला वाटत होतं. रिक्षापाशी पोचल्यावर बाबांनी डोळे पुसले आणि खाली पाहिलं. आधी आपल्या पायांकडे. मग माझ्या.

"आणि तुझ्या?"

माझ्या पायांवर लाल चिखल होता, बोटांच्या फटीत, नखांत, सगळीकडे. पेणहून येताना घातलेल्या नव्या सँडल माझ्या डाव्या हातात होत्या, कोरड्या ठणठणीत. गल्लीत शिरताना आणि पुन्हा पायरीवर मी त्या केव्हा हातात घेतल्या, मला कळलंसुद्धा नव्हतं. डॉक्टरांना 'बघू' म्हणून सांगितलेली तपासणी मी अजून केलेली नव्हती, हेही तिथेच आठवलं.

मी एक सँडल जमिनीवर ठेवली आणि पाय पुसायला पर्समध्ये रुमाल शोधू लागले. बाबांनी माझा हात धरला.

"पुसू नको," ते म्हणाले. "तशीच घाल."